मिब फायली नीट कशा बसवायच्या: उबंटू सर्व्हर आणि नेट-एसएनएमपी

एसएनएमपी म्हणजे नेटवर्कवरच्या उपकरणांची हालहवाल विचारण्याची पद्धत, आणि मिब म्हणजे तिच्यातल्या आकडी पत्त्यांची नावं आणि अर्थ सांगणारी मजकूर फाइल. ही फाइल बसते ती देखरेख करणाऱ्या सर्व्हरवर. स्विच, राउटर किंवा यूपीएसमध्ये ती टाकायची नसते, आणि ती मिळाल्यामुळे उपकरण एकही जादा गोष्ट मोजायला लागत नाही. उपकरणाच्या यूडीपी पोर्ट १६१ वरून येतात ते नुसते आकडे: आकड्यांत लिहिलेला पत्ता, म्हणजे ओआयडी, आणि त्यापुढे किंमत. फोनमध्ये नंबर सेव्ह असला की कॉल येताना नाव दिसतं, नसला तर नंबर दिसतो, कॉल दोन्ही वेळा येतोच. मिबचं कामही तेवढंच. म्हणून एरर आली की पहिला प्रश्न एकच: तक्रार कोण करतंय, आपला सर्व्हर की समोरचं उपकरण?

इथे उबंटू-डेबियनवरचं नेट-एसएनएमपी, म्हणजे एसएनएमपीच्या कमांड देणारं सॉफ्टवेअर, धरलं आहे. झॅबिक्स आणि लिब्रेएनएमएस या देखरेखीच्या सिस्टिमही शेवटी त्याच्याच आधारावर चालतात. कमांड, पर्याय आणि फायलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, टर्मिनलवर अर्थातच ती रोमनमध्ये टाइप करायची. अक्षर लहान की मोठं यावर काही अवलंबून असेल तिथे तसं लिहिलं आहे.

आधी उपकरणाचं कूळ विचारा

मिब शोधत इंटरनेटवर भटकण्याआधी उपकरणालाच विचारा:

एसएनएमपीगेट -व्ही २सी -सी कम्युनिटी १९२.१६८.१०.२ .१.३.६.१.२.१.१.२.०

हा सिसऑब्जेक्टआयडी. (व्ही आणि सी दोन्ही लहान.) उत्तर .१.३.६.१.४.१ ने सुरू होतं आणि त्यापुढचा आकडा म्हणजे इंटरनेटचे क्रमांक वाटणाऱ्या आयाना संस्थेने त्या कंपनीला दिलेला क्रमांक. ९ म्हणजे सिस्को, ११ एचपी, १७१ डी-लिंक, ३१८ एपीसी, २०११ हुआवे, २६३६ ज्युनिपर, १२३५६ फोर्टिनेट, १४९८८ मायक्रोटिक. खोक्यावरचं लेबल एका कंपनीचं आणि आतला माल दुसऱ्याचा, असं स्वस्तातल्या उपकरणांत होतं. अशा वेळी लेबलवर न जाता या आकड्यावर विश्वास ठेवा.

कंपनीची मिब लागेलच असं नाही. पोर्ट चालू की बंद, ट्रॅफिक किती, उपकरण कधीपासून सुरू आहे, हे सगळं प्रमाण मिबमध्ये आहे: आयएफ-मिब (आरएफसी २८६३, आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या प्रमाण नियमांचा दस्तऐवज), एसएनएमपीव्ही२-मिब (आरएफसी ३४१८), होस्ट-रिसोर्सेस-मिब (आरएफसी २७९०), एन्टिटी-मिब. सीपीयू, मेमरी, तापमान, पंखे, वीजपुरवठा इथे मात्र प्रत्येक कंपनीचा सवतासुभा.

व्ही२सी या एसएनएमपीच्या आवृत्तीत कम्युनिटी, म्हणजे पासवर्डसारखा शब्द, साध्या अक्षरांत वायरवरून जाते, त्यामुळे चाचणीपुरतं ठीक. रोजच्या वापराला व्ही३ ठेवा, ओळख पटवायला एसएचए आणि मजकूर गुप्त ठेवायला एईएस. प्रत्येक कमांडमागे लांबलचक पर्याय लिहायचा कंटाळा येतो, म्हणून होम फोल्डरातल्या .एसएनएमपी/एसएनएमपी.कॉन्फ मध्ये डेफव्हर्जन, डेफसिक्युरिटीनेम वगैरे ओळी टाकून त्या फाइलला ६०० परवानगी द्या. पासफ्रेज किमान ८ अक्षरांचा लागतो. त्याहून छोटा दिला तर कमांड उपकरणापर्यंत पोचतच नाही.

उबंटूची पहिली अडवणूक

उबंटूवर एसएनएमपी पॅकेज टाकून लगेच वॉक केला, म्हणजे एका शाखेखालचं सगळं ओळीने विचारलं, तर ‘आयएसओ.३.६.१.२.१.१.३.०’ अशा नावांविना ओळी दिसतात. बिघाड काही नाही. परवान्याच्या कारणामुळे डेबियन आणि उबंटू प्रमाण मिब पॅकेजसोबत देत नाहीत, आणि मिब वाचणंही मुद्दाम बंद ठेवतात. दोन गोष्टी कराव्या लागतात.

पहिली: एसएनएमपी-मिब्स-डाउनलोडर हे पॅकेज टाका. ते उबंटूत मल्टिव्हर्स आणि डेबियनमध्ये नॉन-फ्री भागात आहे, तो भाग सोर्स यादीत सुरू नसेल तर पॅकेज सापडत नाही. ते इंटरनेटवरून आरएफसी आणून त्यातून मिबचा मजकूर वेगळा काढतं, त्यामुळे सर्व्हरला बाहेरचं नेट लागतं. बंदिस्त नेटवर्कात दुसऱ्या उबंटूवर हे करून /व्हार/लिब/मिब्स हा अख्खा फोल्डर उचलून आणा.

दुसरी: /ईटीसी/एसएनएमपी/एसएनएमपी.कॉन्फ उघडा. त्यात ‘मिब्स :’ अशी एक ओळ असते. तिच्या आधी हॅश टाका. कोलनच्या पुढे काहीच नाही, म्हणजे ‘कुठलीही मिब वाचू नको’ असा तो आदेश आहे. पॅकेज टाकूनही नावं दिसत नसतील तर दहापैकी नऊ वेळा ही ओळ तशीच राहिलेली असते.

रेड हॅट घराण्यात ही भानगड नाही. नेट-एसएनएमपी-लिब्ज पॅकेजसोबत मिब /यूएसआर/शेअर/एसएनएमपी/मिब्स मध्ये येतात आणि कमांड नेट-एसएनएमपी-यूटिल्स मधून.

कंपनीची मिब आणणं आणि ठेवणं

सिस्कोच्या मिब गिटहबवर कंपनीच्याच खात्यात आहेत, व्ही१ आणि व्ही२ अशा दोन फोल्डरांत, व्ही२ घ्या. फोर्टिगेटमध्ये एसएनएमपीच्या पानावरूनच फाइल डाउनलोड होते, कोर आणि फोर्टिगेट अशा दोन, दोन्ही घ्यायच्या. मायक्रोटिक एकच फाइल देतं. कुठल्यातरी मिब गोळा करणाऱ्या साइटवरून उचलणं शक्यतो टाळा: तिथे फाइल जुनी असते, किंवा ‘सेव्ह ॲज’ केल्यावर मिबऐवजी एचटीएमएल पान हाती लागतं. डाउनलोड झाल्यावर ‘फाइल’ ही कमांड चालवून बघा. एचटीएमएल म्हणाली तर चुकलं. सीआरएलएफ, म्हणजे विंडोज धाटणीचे ओळींचे शेवट, दाखवले तर डॉस२युनिक्स करून घ्या. सुरुवातीला बीओएम (न दिसणारी युनिकोड खूण) असेल तर पहिल्याच ओळीत पार्सर, म्हणजे फाइल वाचणारा भाग, अडतो.

ठेवायला वेगळा फोल्डर करा, उदाहरणार्थ /यूएसआर/लोकल/शेअर/एसएनएमपी/मिब्स/सिस्को, आणि एसएनएमपी.कॉन्फ मध्ये दोन ओळी:

मिबडर्स +/यूएसआर/लोकल/शेअर/एसएनएमपी/मिब्स/सिस्को
मिब्स +सिस्को-प्रोसेस-मिब

अधिक चिन्ह विसरू नका. ते नसलं तर ‘मूळच्या यादीत भर’ याऐवजी ‘मूळची यादी रद्द, फक्त हेच’ असा अर्थ होतो, आणि एका सिस्कोपायी आयएफ-मिबसुद्धा गायब होते. एकापेक्षा जास्त फोल्डर असतील तर मध्ये कोलन. नेट-एसएनएमपी फोल्डराच्या आतल्या फोल्डरांत उतरत नाही, त्यामुळे ‘मिब्स’ एवढंच देऊन आतला ‘सिस्को’ वाचला जाईल ही अपेक्षा ठेवू नका.

‘मिब्स +ऑल’ असं लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. करू नका. प्रत्येक कमांड सगळ्या फायली वाचत बसते, आणि एका कोपऱ्यातल्या खराब फाइलच्या तक्रारी प्रत्येक वॉकच्या डोक्यावर येतात. लागेल तेच मॉड्यूल नावाने सांगा.

फाइलच्या नावाबद्दल गोंधळ फार. नेट-एसएनएमपी फाइलच्या नावाकडे आणि एक्स्टेन्शनकडे बघत नाही. आतल्या पहिल्या ओळीत ‘डेफिनिशन्स’ या शब्दाआधी जे नाव आहे तेच मॉड्यूलचं नाव. मिब तपासणारी वेगळी लायब्ररी लिबएसएमआय मात्र फाइलच्या नावावरून शोधते. म्हणून दोन्ही एकसारखी ठेवा: आत सिस्को-प्रोसेस-मिब असेल तर फाइलही त्याच नावाची.

यातूनच एक छुपी अडचण निघते. फाइल संपादित करण्याआधी त्याच फोल्डरात .बॅक लावून प्रत ठेवली की एकाच मॉड्यूलच्या दोन फायली होतात. टिंबाने सुरू होणाऱ्या आणि टिल्डने संपणाऱ्या फायली नेट-एसएनएमपी सोडून देतं, .बॅक सोडत नाही. मग केलेला बदल लागू होतच नाही, कारण वाचली जाते ती जुनी प्रत. राखीव प्रती फोल्डराबाहेर ठेवा, त्याहून बरं म्हणजे फोल्डर गिटमध्ये ठेवा.

परवानगी ६४४, फोल्डर ७५५. होम फोल्डरातल्या .एसएनएमपी/मिब्स मध्ये टाकलेली मिब तुमच्या टर्मिनलवर सुरेख चालते, पण झॅबिक्स वेगळ्या यूजरखाली धावतं आणि त्याला तुमचं होम दिसत नाही. ‘हाताने चालतं, सिस्टिममधून नाही’ या तक्रारीचं हे सर्वांत नेहमीचं कारण.

एकात एक गुंतलेल्या फायली

मिब कधीच एकटी नसते. फाइल उघडली की वरच ‘इम्पोर्ट्स’ हा भाग दिसतो: कुठली नावं कुठल्या मॉड्यूलमधून घेतली त्याची यादी. सिस्को-प्रोसेस-मिबला सिस्को-एसएमआय आणि सिस्को-टीसी लागतात, त्यांना पुढे प्रमाण एसएनएमपीव्ही२-एसएमआय आणि एसएनएमपीव्ही२-टीसी. फोर्टिगेटच्या फाइलला कोर लागते. ही साखळी मुळापर्यंत जोडायची. कुठल्या क्रमाने कॉपी केलं याने फरक पडत नाही, सगळ्या त्या फोल्डरांत हजर असणं पुरे.

आता तपासा:

एसएनएमपीट्रान्सलेट -ओएन सिस्को-प्रोसेस-मिब::सीपीएमसीपीयूटोटल५मिनरेव्ह

(ओ मोठा, एन लहान.) उत्तर .१.३.६.१.४.१.९.९.१०९.१.१.१.१.८ आलं की साखळी पूर्ण. ही कमांड नेटवर्कवर जातच नाही, म्हणून उपकरणाला हात न लावता फायलींची परीक्षा होते. -टीडी (टी मोठा, डी लहान) दिला तर त्या वस्तूचा प्रकार, एकक आणि वर्णनही छापलं जातं. नेमकं नाव आठवत नसेल तर -टीबी, दोन्ही मोठी अक्षरं, आणि नावाचा तुकडा रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये.

इथे येणाऱ्या एरर सगळ्या आपल्या सर्व्हरच्या. ‘कॅनॉट फाइंड मॉड्यूल’ आलं तर कंसातल्या नावाची फाइल आणा, आणि ती असूनही तेच येत असेल तर आतलं मॉड्यूलचं नाव हायफनसकट जुळतंय का बघा. ‘डिड नॉट फाइंड ... इन मॉड्यूल’ आलं तर फाइल आहे पण जुनी. दोन्ही फायलींतल्या लास्ट-अपडेटेड तारखा ताडून पाहा. ‘अनलिंक्ड ओआयडी’ म्हणजे झाडाची वरची फांदी सापडली नाही, बहुधा कंपनीची मूळ एसएमआय फाइलच राहिली आहे. सर्व्हर कुठले फोल्डर शोधतोय हे कळत नसेल तर एसएनएमपीट्रान्सलेटला -डीइनिट_मिब (डी मोठा, बाकी लहान) देऊन एखादा ओआयडी विचारा. कोणती फाइल वाचली गेली ते -डीपार्स-मिब्स सांगतं.

‘बॅड’ किंवा ‘एक्स्पेक्टेड’ अशी ओळ क्रमांकासह तक्रार आली तर फाइलचा मजकूरच बिघडलेला आहे. त्यातला एक प्रकार बारकाईने पाहण्यासारखा. मिबच्या भाषेत दोन हायफनने टिप्पणी सुरू होते आणि ओळ संपल्यावर, किंवा त्याच ओळीत पुन्हा दोन हायफन आल्यावर, ती संपते. कोणी शोभेसाठी चार हायफन काढून पुढे शीर्षक लिहिलं, तर पहिल्या जोडीने टिप्पणी उघडते, दुसरीने तिथेच मिटते, आणि शीर्षकातले शब्द पार्सर व्याख्या समजून वाचायला लागतो. पाच हायफन असले तर एक हायफन उघडा पडतो. सहा असले तर तिसरी जोडी टिप्पणी पुन्हा उघडते आणि सगळं सुरळीत. एका फाइलमध्ये हीच रेघ चालते आणि दुसरीत का मोडते, त्याचं उत्तर या मोजणीत आहे. -पीसी (पी मोठा, सी लहान) दिल्यावर पार्सर टिप्पणी ओळीच्या शेवटपर्यंत धरतो. कंपनीने नावांत अंडरस्कोअर वापरले असतील, जे नियमात बसत नाही, तर -पीयू.

पीडीएफमधून मजकूर कॉपी केला असेल तर सरळ अवतरण चिन्हांच्या जागी वळणदार चिन्हं आणि हायफनच्या जागी लांब रेघ येते. तशी फाइल दुरुस्त करत बसण्यापेक्षा मूळ फाइल मिळवा. कसून तपासायचं तर स्मिटूल्स पॅकेजमधलं स्मिलिंट पातळी ३ वर चालवा. पातळी ६ वर नावाजलेल्या कंपन्यांच्या फायलीही इशाऱ्यांचा पाऊस पाडतात, त्यातले बहुतेक तुमच्या कामाचे नसतात.

आता उपकरणाशी बोला

एसएनएमपीवॉक चालवा, आणि एरर वाचताना आता बाजू ओळखा. ‘अननोन ऑब्जेक्ट आयडेंटिफायर’ ही तुमच्या सर्व्हरची तक्रार, मिब लोड नाही. ‘टाइमआउट: नो रिस्पॉन्स’ चा मिबशी सुतराम संबंध नाही: फायरवॉल, स्विचवरची ॲक्सेस लिस्ट, चुकीची कम्युनिटी किंवा आयपी. ‘नो सच ऑब्जेक्ट’ हे उपकरणाचं उत्तर: ही गोष्ट माझ्याकडे नाही, किंवा या यूजरच्या व्ह्यूमध्ये, म्हणजे त्याला बघायला दिलेल्या भागात, नाही. नेमून दिलेला व्ह्यू फक्त मिब-२ या प्रमाण शाखेपुरता (.१.३.६.१.२.१) असेल, तर कंपनीची मिब कितीही नीट बसवली तरी .१.३.६.१.४.१ खालचं काही मिळणार नाही. ‘नो सच इन्स्टन्स’ आलं की शेवटचा इंडेक्स तपासा. एकुलत्या एका किमतीला शेवटी .० लागतं, सिसअपटाइम म्हणजे.१.३.६.१.२.१.१.३ वर गेट केलं तर हेच उत्तर मिळतं, .१.३.६.१.२.१.१.३.० वर वेळ मिळते.

तक्त्यातल्या किमतीला मात्र ओळीचा इंडेक्स लागतो. कॅटलिस्ट २९६० वर पहिल्या गिगाबिट पोर्टचा इंडेक्स १०१०१ असतो, १ नव्हे. म्हणून अंदाजाने आकडा टाकू नका, आधी आयएफनेम (.१.३.६.१.२.१.३१.१.१.१.१) आणि आयएफएलियास (त्याच शाखेत .१८) वॉक करून जुळवा. काही उपकरणांत रीबूट झाल्यावर इंडेक्स बदलतात आणि काल अपलिंकचा असलेला ग्राफ आज भलत्याच पोर्टचा होतो. सिस्कोवर ‘एसएनएमपी-सर्व्हर आयएफइंडेक्स पर्सिस्ट’ ही ओळ टाकून ठेवा.

ट्रॅफिकसाठी आयएफइनऑक्टेट्स घेऊ नका. तो ३२ बिटांचा काउंटर ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत मोजून शून्यावर येतो; १ गिगाबिटच्या भरलेल्या लिंकवर त्याला ३४ सेकंद लागतात, १०० मेगाबिटवर पावणेसहा मिनिटं. पाच मिनिटांनी वाचणाऱ्या सिस्टिमला गिगाबिटवर तो मध्ये किती वेळा फिरला ते कळणारच नाही. ६४ बिटांचे आयएफएचसीइनऑक्टेट्स (.१.३.६.१.२.१.३१.१.१.१.६) आणि आयएफएचसीआउटऑक्टेट्स (.१०) घ्या. हे व्ही१ वर मिळत नाहीत, व्ही२सी किंवा व्ही३ लागतं.

एकक वाचल्याशिवाय अलार्म लावू नका

मिबचा खरा उपयोग वर्णनात आणि एककात आहे, आणि नेमकं तेच कोणी वाचत नाही. प्रमाण यूपीएस-मिब (आरएफसी १६२८) घ्या. त्यात यूपीएसइनपुटफ्रीक्वेन्सी वाचली तर ‘४९९ ०.१ हर्ट्झ’ असं दिसतं. वीज ४९९ हर्ट्झची नाही. आकडा दशांश हर्ट्झमध्ये आहे, म्हणजे ४९.९, आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या पुरवठ्यात अगदी योग्य. बॅटरीचा व्होल्टेजही दशांश व्होल्टमध्ये येतो, इनपुट व्होल्टेज मात्र सरळ व्होल्टमध्ये. बॅकअप किती उरला ते प्रमाण मिब मिनिटांत देते, तर एपीसीची पॉवरनेट-मिब टाइमटिक्समध्ये, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागात. दोन्हींवर ‘१० पेक्षा कमी झाल्यास एसएमएस’ हा एकच नियम लावला तर एपीसीचा एसएमएस बॅटरीत सेकंदाचा दहावा भाग उरल्यावर येईल. देखरेखीच्या सिस्टिममध्ये गुणक (०.१, ०.०१) टाकूनच मर्यादा ठरवा.

देखरेखीच्या सिस्टिममध्ये

रोजच्या पोलिंगला, म्हणजे ठरावीक वेळाने होणाऱ्या विचारणेला, आयटममध्ये आकड्यांतला ओआयडी टाकणं चांगलं. सर्व्हर बदलला, मिब हलली, तरी पोलिंग थांबत नाही. नाव टाकलंच तर ज्या मशीनवरून विचारणा होते तिथे मिब हवी: झॅबिक्समध्ये उपकरण प्रॉक्सीमार्फत असेल तर प्रॉक्सीवर. झॅबिक्स मिब सुरू होतानाच वाचतं, म्हणून नवी फाइल टाकल्यावर सर्व्हर किंवा प्रॉक्सी रीस्टार्ट करा.

प्रोमिथियस या देखरेखीच्या सिस्टिमचा एसएनएमपी एक्स्पोर्टर चालताना मिब उघडतच नाही. जनरेटर नावाचं वेगळं साधन मिब आणि जनरेटर.वायएमएल वाचून एसएनएमपी.वायएमएल बनवतं, आणि एक्स्पोर्टर फक्त ती फाइल पाहतो. मिब बदलली आणि जनरेट करायचं राहिलं तर काहीही बदलत नाही. लुकअप्समध्ये आयएफइंडेक्सवरून आयएफएलियास लावला तर ग्राफवर पोर्टच्या आकड्याऐवजी तुम्ही स्विचवर लिहिलेलं वर्णन दिसतं.

ट्रॅपसाठी, म्हणजे उपकरणाने आपणहून पाठवलेल्या सूचनेसाठी, मात्र मिब हवीच, कारण ट्रॅप (पोर्ट १६२) अचानक येऊन धडकतो आणि त्यातले ओआयडी रात्री दोन वाजता कोणाला पाठ नसतात. ट्रॅप वाचनीय करणारं एसएनएमपीटीटी वापरत असाल तर एसएनएमपीटीटीकन्व्हर्टमिब मिबवरून ट्रॅपची यादी तयार करतं. ते आतून एसएनएमपीट्रान्सलेटच वापरतं, म्हणून वरची तपासणी आधी पार पडलेली असावी. ट्रॅप घेणारा एसएनएमपीट्रॅपडी -ओएन सह चालवा (ओ मोठा), नाहीतर ओआयडीचं आधीच नाव होतं आणि जुळणी चुकते. मिबमध्ये गांभीर्य दिलेलं नसेल तर तयार झालेल्या यादीत प्रत्येक ट्रॅप ‘नॉर्मल’ असतो. पंखा बंद पडला, वीजपुरवठ्याचं एक युनिट गेलं, लिंक डाउन झाली, तरी सगळं नॉर्मल. ती यादी हाताने, ओळ न ओळ बघून बदलावी लागते.

फर्मवेअर बदलताना

अपडेटच्या आधी पूर्ण वॉक -ओएन सह फाइलमध्ये घ्या, नंतर पुन्हा घ्या, बरोबरच्या चिन्हानंतरच्या किमती कापून टाका आणि उरलेल्या ओआयडींचा डिफ (फरक) काढा. गायब झालेली शाखा दिसली तर आधी व्ह्यू पाहा, मग कंपनीच्या त्या आवृत्तीच्या नोंदी. मिब फाइल नव्याने उतरवायची ती यांपैकी कशातही उत्तर नसेल तेव्हा. नव्या शाखा दिसल्या तर नवी मिब लगेच आणा, पण जुनीच्या शेजारी ठेवू नका, तिच्या जागी ठेवा. मोठ्या स्विचवर हा वॉक एसएनएमपीबल्कवॉकने करा आणि कामाच्या वेळेबाहेर, कारण राउटिंग आणि मॅक तक्ते लांबलचक असले की त्याचा सीपीयू तेवढा वेळ चढतो.